मनात वाचायचं नाव

साल दोन हजार पंचवीस. माह्यं वय आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर. माह्या मायच्या हिशोबानं ऐंशी कवाच उलटले, कारण ती म्हणे, ज्या साली आपली काळी गाय मेली त्या सालचा तू. गाय कोणत्या साली मेली हे कोणाच्या कार्डावर नाई. तू म्हणत होती, "कार्डाचंच धरा, दोन वर्षानं तरी जवान राहसान." आता कोणतं धरू, हे तुले पक्कं विचारायचं राहून गेलं.

तेरवी झाली. लोक आले, जेवले, गेले. बाया म्हणे, भाग्याची होती, कुंकवासंग गेली. म्या मान हालवली. पण मले काई समजलं नाई बाप्पा. तू गेली हे भाग्य कोणाचं झालं? तुह्यं का माह्यं? घरात चहा कोणत्या डब्यात हाय हे मले तीन दिवस सापडलं नाई.

हे आपल्या नातीच्या, आर्वीच्या पेन्सिलीनं लिवून रायलो. म्या काई लिवणारा मानूस नाई. दुसरी पास. तिसरीत नाव होतं, पण बैलामांगं गेलो. तरी सही करतो. आंगठा म्या जिंदगीत कुठी लावला नाई. त्या आधारवाल्यानं लावून घेतला, तवाबी म्या त्याले आधी सही करून दाखवली. तू बाजूले उभी राहून पदरात हासत होती, म्या पायलं होतं.

आपलं भांडण अर्धं राहिलं, म्हून लिवून रायलो. दुसरं काई कारण नाई.

भांडण आर्वीचं. तिच्या नावापासूनच सुरू झालं होतं तसं. आर्वी हे गावाचं नाव हाय, तिथी आमी जवानीत बैल पाहाले गेलतो. पोरीचं नाव कोणी गावावर ठेवते काय? म्या आपल्या पोराले, सुनीलले म्हटलं, दुसरी झाली तर तिचं नाव आपल्या तालुक्याचं ठेवजो, तेल्हारा. सुनील चिडला, सूनबाई चिडली, तू मातर भाकर थापता थापता इतकी हासली का भाकर फाटली. मंग त्या दोघाइच्या नोकऱ्या अकोल्याले, सूनबाईची दवाखान्यात पाळीची ड्युटी, म्हून पोट्टी लहानपणापासून आपल्यापाशी हिवरखेडले. तुह्या पदराले धरून चालाले शिकली. गावातल्याच शाळेत पयलीत घातली.

आन् तू तिले शिकवाले बसली. बसली म्हंजे बसलीच नाई, हेच तर माह्यं म्हणणं होतं. शिकवणं म्हंजे पाटी पायजे, मास्तर पायजे, मास्तरच्या हातात छडी पायजे. आमी तसेच शिकलो. तू काय केलं? सुपात तुरी घेतल्या, कागदाच्या बारक्या चिठ्ठ्यांवर अक्षरं लिवली, त्या तुरीत दडवल्या, आन् म्हणे, "शोध वं माय, कोनाले कोन सापडते ते पाहू." पोट्टी चिठ्ठी काढे, अक्षर सांगे, बरोबर आलं का गुळाचा खडा.

म्या खाटेवरून म्हटलं, "अवं, तुरी निवडून रायली का शाळा भरून रायली?"

"दोनी."

"एका कामात दोन कामं घातली का दोन्हीचा नास होते."

"तुमी खाटेवर बसून एकबी करून नाई रायले, तुमचा काहाचा नास होईन?"

आर्वीले ते बोलणं इतकं आवडलं का दिवसभर माह्यामांगं "काहाचा नास, काहाचा नास" करत फिरली. हे शिकली ती खेळातून.

मंग अंगणात खडूनं चौकोन काढले, चौकोनात अक्षरं. तू सांगशीन त्या अक्षरावर लंगडी घालत जायचं. चिंचोके मांडून 'क' काढायचा, 'ळ' काढायचा. परातीत पीठ पसरून बोटानं लिवायचं. पिठाचं मले लागे. म्या म्हटलं, आमच्या मायनं पीठ असं पसरलेलं पाहिलं असतं तर तुले माहेरी धाडलं असतं. तू म्हणे, "धाडा ना. संत्र्याचा बार हाय सध्या, खाईन पोटभर." शेंदूरजनाघाटच्या पोरीले माहेराचा धाक दाखवून उपयोग नाई, हे मले लग्नाच्या पयल्या वर्षीच समजलं होतं.

तिथूनच आली ती पेटी. तुह्या बापाच्या हाताखालची, संत्र्याची, लाकडी. तू लग्नानंतर एकदा सांगतलं होतं का तुले मास्तरनं नाई, पेट्यांनी वाचाले शिकवलं. बाप पेट्या भरे, पेटीवर गावाचं नाव लिवेल राये, आन् तू लहानशी, पेटीवर बसून विचारे का ही कुठी चालली. ही नागपूर. ही दिल्ली. म्या तवा हासलो होतो. तू आर्वीले तेच सांगे, "नाव म्हंजे काय वं, पेटीवरची पट्टी. आत काय हाय आन् कुठी जाते, एवढं सांगते. त्याले कायले भ्याचं?"

पेटीत चिठ्ठ्या. माठ, सूप, खाट, दार, उखळ, कोठी. आर्वीनं एक चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची, आन् ज्याचं नाव त्याच्यावर नेऊन ठेवायची. कधी तू घराचेच गावं करे. चुलीपाशी अकोला, न्हाणीपाशी परतवाडा, गोठ्यात अमरावती. चिठ्ठीवर जे गाव निघालं तिथी पेटी ओढत न्यायची. माह्या खाटेचं धामणगाव केलं.

"काहून वं, माह्यं धामणगाव काहून?"

"धामणगावच्या टेसनावर माल पडून राहाते, गाडी येईपर्यंत."

आता हे लिवता लिवता हासलो. मंग आठवलं का आयकवाले कोणी नाई. हे असंच होऊन रायलं सध्या. हासतो कवा, डोळे पुसतो कवा, मले खबर नाई राहात.

दुपारी माहा डोळा लागला का टोपीवर एक चिठ्ठी येऊन पडे. रोज. म्या उठलो का ती खाली पडे, म्या चुरगाळून फेकून देत होतो. तू परत लिवत होती. म्या कधी उघडून पायली नाई. चष्म्याशिवाय मले दिसत नाई, आन् चष्मा म्या पेपरापुरता ठेवतो. मले वाटे पोट्टीची मस्ती हाय, आन् तुहा तिले पाठिंबा हाय.

मंग ते व्याही आले. सूनबाईचे वडील, अमरावतीचे, कारकुनीतून निवृत्त. मानूस वाईट नाई, पण बोलताना असा थांबे जसं समोरच्याले समजाले वेळ देऊन रायला. ओट्यावर बसले. त्यांच्या डोक्यावर दाराची पाटी, सुनीलनं अकोल्याहून रंगवून आणेल. वरते माह्यं नाव, खालते मुक्काम पोस्ट हिवरखेड. ती पाटी म्या दर सकाळी धोतराच्या सोग्यानं पुसतो, तुले माहीत हाय. तूच म्हणे, "पुसू पुसू अक्षरं जातीन एक दिवस."

व्याही म्हणे, "काय म्हणते आमची नात? वाचते का काही?"

म्या म्हटलं, "वाचते म्हंजे? आमच्या घरची पोट्टी हाय. वाच वं आर्वी, दारावर काय लिवलं हाय."

आर्वीनं पाटीकडं पायलं. मंग दारात तू उभी होती, तुह्याकडं पायलं. आन् खालची ओळ वाचली, मुक्काम पोस्ट हिवरखेड, खडखड.

"गावाचं नाव पाठ असेल," व्याही म्हणे. "वरचं वाच बेटा. आजोबांचं नाव."

तिनं तोंडावर हात ठेवला.

"वाच ना वं."

हात काढला नाई. डोळे माह्यावर, तोंडावर हात. व्याही हासले, अगदी सभ्य हासले. "असू द्या, व्याहीबुवा. आमच्याकडे या वयाची मुलं इंग्रजी वाचतात, पण खेड्यात चालायचंच."

ते 'चालायचंच' मले अजूनबी पचलं नाई. ते गेल्यावर म्या तुले म्हटलं, झाला ना खेळ? सहा महिने पीठ सांडलं, तुरी सांडल्या, आन् पोट्टीले आज्याचं नाव वाचता येत नाई. पाव्हण्यासमोर.

तू म्हणे, "तिले येते."

"मंग वाचलं काहून नाई?"

"तुमाले नाई समजणार."

"मले नाई समजणार? मी दुसरी पास हाव."

"म्हून तं," तू म्हणे, आन् झाडू घेऊन अंगणात गेली.

एवढंच. त्यावर म्या दोन दिवस जेवताना बोललो नाई. मीठ मांगाचं होतं तरी मांगतलं नाई. तू वाटीत मीठ आणून ताटाशी ठेवलं, बोलली तूबी नाई. मंग तूर कापाले आली, कामात ते भांडण मांगं पडलं. मले वाटलं, तूर घरात आली का परत काढू. तूर घरात आली. तू राहिली नाई.

तुह्यामांगं आर्वीनं पेटी खाटेखाली ढकलून देली. तिच्या आईनं पुस्तक पुढं केलं, ते मिटलं. शाळेतल्या बाई भेटाले आल्या, म्हणे, हुशार हाय पण तोंड उघडत नाई. तेरवीच्या दिवशी गल्लीतल्या पोट्ट्याइनं दारासमोर तुहा फ्लेक्स लावला. मोठा, दोन मानसाइएवढा. फोटो कार्डावरचा, त्यात तू अशी पाहून रायली जसं फोटोवाल्यानं तुले रागावलं. खाली तुह्यं नाव, बोटभर नाई, हातभर अक्षरात.

आर्वी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. किती वेळ उभी. सुनील तिच्यापाशी गेला, म्हणे, "वाच बरं बेटा, आजीचं काय लिवलं हाय."

तिनं तोंडावर हात ठेवला.

तोच हात. तसाच. म्या ओट्यावरून पायलं. हाताच्या बाजूनं तिचे ओठ हालून रायले होते, पण आवाज नाई.

सुनील माह्यापाशी येऊन बसला. "बाबा, इले काईच येत नाई. मायनं सारं वर्ष खेळात घालवलं. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिले अकोल्याले नेतो. तिथी शिकवणी लावतो, मायची आठवणबी कमी होईन."

आता पाहाय. मी तर हेच म्हणत होतो. खेळात वर्ष गेलं, हे शब्द माहेच. तोंडात तयार होते. पण तोंडातून निघालं काय? "तुह्या मायनं काय शिकवलं ते तुले काय समजते?"

सुनील माह्याकडं पाहातच राहिला. मीबी पाहातच राहिलो. हे वाक्य तुह्यं होतं, माह्या आवाजात. मंग माह्या बाजूनं कोण बोलावं? तू असती तर मजा आली असती, म्या तुह्या बाजूनं भांडलो असतो आन् तू माह्या बाजूनं. आता भांडणात दोन्ही बाजूले मीच. आन् दोन्ही बाजूनं हारून रायलो. ना मले सिद्ध करता आलं का पोट्टीले येते, ना मले मानता आलं का येत नाई. आन् पोरगी बापासंग जाते तर जाऊ द्यावं, बापाचीच हाय. हेबी खरं. पण ती जर अशी गेली, का आजीनं काई शिकवलंच नाई असा शिक्का घेऊन, तर तुह्यं ह्या घरात काय राहिलं? डबे राहिले.

दिवेलागणीले आर्वी माह्या खाटेवर येऊन बसली. म्या विचारलं, "काहून वं, तोंडावर हात काहून ठेवला?"

"मनात वाचून रायली होती."

"मनात काहून?"

"आजी म्हणे, घरातल्या मोठ्याइचं नाव तोंडानं नाई घ्याचं. मनात वाचायचं." मंग माह्याकडं असं पायलं जसं मी तिसरी नापास हाव. "तुमाले माहीत नाई?"

मले माहीत नाई. म्हंजे पाहाय ना, मले माहीत हाय. लग्न झाल्यापासून तू माह्यं नाव घेतलं नाई. अहो, आयकलं का, सुनीलचे बाबा. मतदानाच्या यादीतबी तू बोट ठेवलं, नाव घेतलं नाई, तो बाबू तीन वेळा विचारून थकला. मले हे माहीत होतं. पण पोट्टीच्या तोंडावरचा हात तो तुह्याच तोंडावरचा पदर हाय, हे माह्या टाळक्यात आलं नाई.

"मंग पाटीवरचं तुले वाचता आलं होतं?"

"मी तर रोज वाचतो."

"दाखव."

तिनं खाटेखालून पेटी ओढली. चिठ्ठ्या चाळल्या. एक काढली, ओठ हालवले, आन् माह्या टोपीवर ठेवली. म्या चष्मा घेतला. तुह्या हातचं अक्षर, थोडं तिरपं, वरची रेघ लांब ओढेल. पुंडलिक.

"हे तू रोज ठेवत होती?"

"तुमी रोज फेकत होते. आजी म्हणे, असू दे वं, उद्या अजून लिवू."

आता मले सांग, तू मले सांगतलं काहून नाई? व्याह्यासमोर नाई, पण नंतर तरी. एक वाक्य. पोट्टी तुमचं नाव तोंडानं घेत नाई, मान ठेवते, एवढंच म्हणाचं होतं. म्या अमरावतीले जाऊन व्याह्याले सांगून आलो असतो. का म्हून सांगतलं नाई? का तुमचा दोघीइचा तो खेळ होता आन् मले त्यात घ्याचं नव्हतं? का तुले वाटलं का एवढ्या वर्षात हे म्या आपसूक समजाले पायजे होतं? मले राग आला. मंग वाटलं, राग कोणावर? मंग अजून आला.

आन् एक गोष्ट. पोट्टीले तू मनात वाचाले शिकवलं, म्हंजे तूबी माह्यं नाव मनात घेतच होती ना? लिवताना तरी घेतलंच असशीन, रोज एक चिठ्ठी. कसं घेत होती? भाजीत मीठ कमी म्हटल्यावर कोणत्या सुरात? मले ते एकदा आयकाचं होतं. म्या तर तुह्यं नाव मनातबी घेतलं नाई. तसं काई नियम म्हून नाई. गरजच पडली नाई, तू नेहमी हाकेच्या आत राये, आन् हाक म्हंजे "अवं." एवढ्यात तू येत होती.

आर्वीनं अजून एक चिठ्ठी काढली. ओठ हालवले. ती घेऊन अंगणात गेली, चुलीपाशी गेली, परत आली. मले वाटलं, खेळ विसरली.

"आजोबा, ही कुठी ठेवू?"

तुह्या नावाची होती. तू खेळताना आपल्या खांद्यावर ठेवून घेत होती म्हणे.

म्या म्हटलं, "ठेव कुठीबी."

"कुठीबी नाई ठेवत. ज्याचं नाव त्याच्यावर ठेवाचं."

"मंग पेटीत ठेव."

"पेटीत तर न वाचलेल्या राहातात."

ती चिठ्ठी मुठीत घेऊन माह्याच खाटेवर झोपली.

सकाळी सुनीलची बॅग ओट्यावर होती. तो न्हाणीत होता. म्या गॅस पेटवला, वाटीभर पीठ घेतलं, पाणी घातलं, खळ शिजवली. गुठळ्या झाल्या. तू पाहिलं असतं तर म्हणाली असती, "पीठ कोण सांडून रायलं आता?" आर्वी उठून दारात आली होती, मूठ तशीच बंद.

"दे," म्या म्हटलं.

तिनं देली. घामानं नरम झालती. म्या बोटानं खळ लावली आन् दारावरच्या पाटीवर, माह्या नावाच्या आन् गावाच्या मधात जी जागा हाय, तिथी चिकटवली. जागा पुरली. मंग चष्मा लावला आन् मोठ्यानं वाचलं.

द्वारका.

पयल्यांदा घेऊन रायलो होतो. परत वाचलं. समोरच्या घरातली बाई दूध घेता घेता थांबली.

"आता तू," म्या आर्वीले म्हटलं.

"मनात?"

"नाई. हे मोठ्यानं."

"आजी म्हणत होती..."

"आजीचं आता मोठ्यानंच वाचायचं. नाईतर तिले आयकू कसं जाईन?"

तिनं वाचलं. द्वारका. मंग वळून फ्लेक्सकडं गेली आन् तो वरून खालपर्यंत वाचला, भावपूर्ण श्रद्धांजलीसकट, मले जिथी अडखळाले होते तिथी ती अडखळली नाई. सुनील टॉवेल गुंडाळून न्हाणीतून तसाच बाहेर आला, कानात साबण. फाट्यावर अकोल्याच्या गाडीनं हॉर्न देला. त्यानं बॅगेकडं पायलं, पोरीकडं पायलं, आन् ओट्यावर बसला. गाडी गेली. उद्याबी गाडी हाय, ते मले माहीत हाय.

आर्वी परत पाटीपाशी आली. तुह्यं नाव अजून एकदा वाचलं, हाक मारल्यासारखं. मंग त्याच्या वरच्या नावाकडं पायलं, तोंडावर हात ठेवला आन् ओठ हालवले.

म्या टोपी काढून हातात घेतली आन् ते नाव आयकत उभा राहिलो.